बिलावरचं कोटिंग गाडीवर आहे का?

नव्या गाडीच्या बिलात खालच्या बाजूला एक ओळ असते, ‘पेंट प्रोटेक्शन’. दोन शब्द आणि बऱ्यापैकी मोठा आकडा. बिलातली बाकी प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते. मॅट अंथरलेले असतात, सीट कव्हर हाताला लागतं, विम्याचे कागद फाइलमध्ये असतात. ही एक वस्तू दाखवा म्हटलं की शोरूममधला माणूस बॉनेटवर मगभर पाणी ओततो, थेंब टपोरे होऊन घरंगळतात आणि आपण समाधानाने सही करतो.

मीही केली होती. सातआठ वेळा गाडी धुतल्यावर तेच पाणी बॉनेटवर पसरून राहायला लागलं. शोरूमला फोन केला, तर त्यांनी विचारलं, गाडी कशाने धुता? तो प्रश्न रास्त होता, हे मला पुढे कळलं. पण उलट विचारायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कोटिंग कोणत्या कंपनीचं, कोणी लावलं, कोणत्या दिवशी, किती भागांवर, यातलं एकही उत्तर माझ्या कागदांत नव्हतं. कोटिंग लावलंच नव्हतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि लावलं होतं हे त्यांनाही दाखवता आलं नाही. अशी कोंडी तुमची होऊ नये म्हणून काय पाहायचं आणि मुख्य म्हणजे ते कधी पाहायचं, हे इथे लिहितो.

सुरुवात रंगापासून करायला हवी. गाडीचा रंग हा एक थर नसतो. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या मदतीने गंजरोधक थर चढवतात, त्याला ई-कोट म्हणतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले की गाडीचा रंग झाला. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन. चकाकी त्याचीच, आणि उन्हापासून खालच्या रंगाला जपणाराही तोच. बारीक चरे उमटतात ते बहुतेक याच थरात, आणि मशीनने पॉलिश करून चरे घालवतो तेव्हा खरं तर हाच थर थोडा थोडा घासून कमी करत असतो. म्हणूनच त्याच्यावर आणखी एखादं संरक्षण हवं ही कल्पना चुकीची नाही. प्रश्न असतो तो नेमकं कोणतं संरक्षण घेतलं याचा.

कारण ‘पेंट प्रोटेक्शन’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे फिल्म, जिला सगळे पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म म्हणतात. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे टीपीयू नावाच्या लवचीक प्लास्टिकचं हे पारदर्शक आवरण गाडीवर चिकटवतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी असल्या फिल्म वापरात आल्या, पुढे शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग आपल्या गाड्यांवर. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मूळ रंगापेक्षाही जास्त. रस्त्यावरून उडालेला खडा अडवण्याची ताकद या तिघांत फक्त हिच्यात आहे.

दुसरी म्हणजे सिरॅमिक कोटिंग. सिलिकायुक्त द्रव क्लिअर कोटवर हाताने लावतात, तो सुकून कडक होतो आणि रंगाला घट्ट धरून बसतो. जाडी एकदोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. पाणी आणि धूळ धरत नाही, धुणं सोपं जातं, पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या रसायनांना थोडा वेळ तोंड देता येतं. खडा मात्र त्याने अडत नाही.

तिसरी म्हणजे सीलंट किंवा वॅक्स. याची चमक छान येते, पाण्याचे थेंबही सुरेख बनतात, पण आयुष्य काही आठवड्यांचं किंवा फार तर काही महिन्यांचं. ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून जे वर्षानुवर्षं विकलं गेलं ते याच गटात मोडतं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, आणि तव्यावर पक्कं बसवताना त्याहून जास्त तापवावं लागतं. रंगवलेली गाडी कोणी इतकी तापवत नाही. त्यामुळे तव्यावरच्या थरासारखा थर गाडीवर असेल, ही अपेक्षाच ठेवू नये.

हे तिन्ही पाण्याच्या मगापुढे सारखेच वागतात. सगळा घोळ इथे आहे. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब किती उभट राहतो, हे त्या पृष्ठभागाच्या सर्वांत वरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरावर ठरतं. त्याखाली काय आहे याच्याशी थेंबाला देणंघेणं नसतं. आदल्या संध्याकाळी फवारलेलं साधं वॅक्स डिलिव्हरीच्या सकाळी महागड्या कोटिंगइतकेच टपोरे थेंब दाखवतं. तेव्हा थेंब दिसले म्हणजे कोटिंग आहे, असं होत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जड पाण्यातले क्षार आणि रस्त्यावरची घाण साचली की चांगल्या कोटिंगवरही पाणी पसरायला लागतं, आणि योग्य शांपूने ती पुटं काढली की थेंब पुन्हा दिसतात. म्हणून थेंब गेले म्हणजे कोटिंग गेलं, असंही नाही. माझ्या वेळी शोरूमने धुण्याबद्दल विचारलं ते यासाठी.

आता तपासायचं कसं? मला जे उमगलं ते एवढंच: संरक्षण जितकं जाड, तितकं ते नंतर तपासता येतं. जितकं पातळ, तितकी तपासणी लावण्याच्या आधी आणि लावताना करावी लागते.

फिल्म त्या मानाने सोपी. ती कुठेतरी संपतेच, आणि जिथे संपते तिथे दिसते. बॉनेटची कड, दाराची कड, चाकावरच्या कमानीची किनार, हेडलाइटभोवतीची जागा, दाराच्या हँडलमागची खोबण, आरशाच्या कवचावरचा जोड, बोधचिन्हाभोवती घेतलेला काप, या ठिकाणी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहा. बारीक रेघ किंवा उंचवटा दिसेल, नखाला हलकी पायरी जाणवेल. नखाने कड उचकटून मात्र पाहू नका. चांगल्या कामात शक्य तिथे फिल्म कडेवरून आत दुमडलेली असते आणि बाकी ठिकाणी कडेच्या एकदोन मिलिमीटर आधी सरळ रेषेत थांबते. कड वाकडीतिकडी असेल, उचललेली असेल, वळणावर ताणल्याच्या रेघा किंवा डिंकाचे पांढुरके पट्टे दिसत असतील, तर काम घाईत झालंय. फिल्मखाली पाण्याचे छोटे फुगे पहिले काही दिवस राहू शकतात, ते हळूहळू सुकून जातात. धुळीचे कण आणि केस मात्र जात नाहीत, ते सापडले तर डिलिव्हरीच्या दिवशीच लिहून घ्या. आणखी एक जागा आवर्जून पाहावी. फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली असेल तर कापाच्या रेषेत खालच्या रंगावर चीर गेलेली असू शकते. ही चीर पुढे फिल्म काढल्यावरच नीट दिसते, म्हणून आकार संगणकावर आधीच कापून घेतले होते की हाताने, हे विचारायला संकोचू नका.

फिल्मसाठी जाडी मोजण्याचं छोटं यंत्रही उपयोगी पडतं. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे आणि डेंटिंग-पेंटिंग करणारे ते वापरतात. पोलादी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वाने चालतं, अॅल्युमिनियमवर एडी करंटने, म्हणजे धातूत उमटणाऱ्या भोवऱ्यासारख्या वीजप्रवाहाने. नुसत्या रंगावर १२० दाखवणारं यंत्र फिल्म असलेल्या भागावर ३०० च्या आसपास जाईल. इतका ठळक फरक असतो की वादाला जागा उरत नाही. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे हे यंत्र आकडाच देत नाही, त्यामुळे तिथे नजरेवर आणि कडांवर भिस्त ठेवावी लागते. यंत्र मिळणार असेल तर त्याचा खरा उपयोग फिल्म लावण्याआधी करून घ्या. उघड्या रंगावर एखाद्या दाराचा आकडा २०० च्या वर गेला आणि बाकी गाडी १२० च्या घरात असेल, तर ते दार वाहतुकीत किंवा आवारात खरचटून पुन्हा रंगवलं असण्याची दाट शक्यता आहे. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, दुरुस्तीचा रंग तसा नसतो. त्याला पूर्ण वाळायला वेळ लागतो, आणि त्यावर चिकटवलेली फिल्म पुढे काढताना रंगाचा पापुद्राही सोबत येऊ शकतो. फिल्म एकदा बसली की हे सगळं तिच्याखाली झाकलं जातं.

फिल्म आहे हे दिसलं तरी कोणती आहे, हा प्रश्न उरतोच. टीपीयूऐवजी पीव्हीसीची स्वस्त फिल्मही मिळते. पहिल्या दिवशी ती तितकीच चकचकीत दिसते, पण कडक असते, लवकर पिवळी पडते आणि तडकते. यावर सोपा उपाय असा की गाडीवर लावलेल्याच रोलची उरलेली पट्टी मागून घ्यायची. कापाकापीत पट्ट्या उरतातच. टीपीयूची पट्टी ताणली की रबरासारखी लांबते आणि सावकाश मूळ जागी येते. पीव्हीसी ताठर असते आणि ओढल्यावर तशीच राहते. ‘सेल्फ हीलिंग’ म्हणजे आपोआप चरे भरण्याचा दावा असेल, तर त्या पट्टीवर नखाने हलके ओरखडे काढून कोमट पाणी ओता. वरच्या थरातले बारीक ओरखडे मिटताना दिसतील. फिल्म कापली गेली असेल तर ती जखम कशानेही भरत नाही, हेही लक्षात ठेवा. हा प्रयोग पट्टीवर करा, गाडीवर नको.

रोलच्या खोक्यावर उत्पादकाचं नाव आणि अनुक्रमांक असतो, त्याचा फोटो घ्या. सर्वसाधारण रोल सुमारे १.५२ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब असतो. पूर्ण गाडी झाकायला जवळपास तेवढा लागतो. तेव्हा ‘पूर्ण गाडी’ म्हणून पैसे घेतले असतील आणि फिल्म फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि आरशांवर असेल, तर ते लगेच लक्षात यायला हवं. बिलावर ‘फिल्म’ एवढंच न लिहिता कोणकोणत्या भागांवर लावली ती यादी असावी.

आता अवघड भाग, सिरॅमिक. इथे जाडीमापकाचा उपयोग नाही. कोटिंग एकदोन मायक्रॉनचं, आणि एवढा फरक तर तेच यंत्र त्याच जागी दोनदा टेकवलं तरी येऊ शकतो. शिवाय एकाच बॉनेटवर मूळ रंगाची जाडीही जागोजागी बदलते. यंत्राचा आकडा दाखवून कोणी ‘हे पाहा कोटिंग’ म्हणत असेल तर ते मान्य करू नका. ‘९ एच’ या शब्दानेही दबून जायचं कारण नाही. ही पेन्सिलच्या शिशांची मोजपट्टी आहे. ठरावीक कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात पृष्ठभागावर ढकलून पाहतात, आणि ९ एच ही त्या मालिकेतली सगळ्यात कडक पेन्सिल. खनिजांच्या मोस मापनातल्या ९ क्रमांकाशी, म्हणजे माणकाच्या कडकपणाशी तिचा काही संबंध नाही. ९ एच कोटिंगवर वाळूने भरलेलं फडकं फिरवलं तर चरे पडणारच.

मग पुरावा कुठला? पहिला पुरावा म्हणजे वेळ. कोटिंग नीट लावायचं तर गाडी धुवावी लागते, रंगात रुतलेले लोखंडाचे कण रसायनाने विरघळवावे लागतात (ते रसायन कणांना लागलं की जांभळं होऊन वाहतं), क्ले, म्हणजे मऊ चिकणमातीसारखा गोळा फिरवून उरलेली घाण काढावी लागते, चरे असतील तर पॉलिश करावं लागतं, मग अल्कोहोलच्या मिश्रणाने तेलाचा अंश पुसून टाकावा लागतो. त्यानंतर हातभर भाग घेऊन लावायचं, क्षणभर थांबायचं, पुसायचं, पुढच्या भागावर जायचं. आणि शेवटी गाडी निदान रात्रभर पाण्यापासून लांब ठेवायची. नवी गाडी असली तरी यातलं फारसं काही गाळता येत नाही. हे एक ते दोन दिवसांचं काम आहे. गाडी आवारात काल संध्याकाळी उतरली आणि आज सकाळी अकराला ‘कोटिंग करून’ तयार असेल, तर मला तरी तो हिशोब पटत नाही. गाडी कधी आली, कधी कामाला घेतली, कधी बाहेर काढली, या वेळा विचारा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून हातात देत असतील तर तेही खटकायला हवं, कारण कोटिंग पक्कं व्हायला साधारण आठवडा लागतो आणि तोवर शांपूने न धुण्याचा सल्ला बहुतेक उत्पादक देतात.

दुसरा पुरावा म्हणजे बाटली. एका गाडीला लागणारी कोटिंगची बाटली फार छोटी असते, साधारण ३० ते ५० मिलिलिटरची. तिच्यावर उत्पादनाचं नाव आणि बॅच क्रमांक असतो. एकदा उघडलेली बाटली हवेतल्या ओलाव्याने काही दिवसांत घट्ट होते, म्हणून जुनी उघडी बाटली वापरणं योग्य नाही. ‘माझ्या गाडीची बाटली माझ्यासमोर उघडा, किंवा निदान रिकामी बाटली मला द्या’ ही मागणी पूर्णपणे वाजवी आहे. मी हीच मागणी सगळ्यात महत्त्वाची मानतो.

तिसरा पुरावा गाडीवरच असतो, आणि गंमत म्हणजे तो कामातल्या चुकांतून मिळतो. पुसताना कोटिंग कुठे जास्त राहून गेलं तर तिथे इंद्रधनुषी डाग किंवा काळपट ओघळ दिसतात. ते वॅक्ससारखे कपड्याने निघत नाहीत, पॉलिशनेच काढावे लागतात. असा डाग म्हणजे काहीतरी कडक होणारं लावलंय याची खूण, अर्थात तो शोरूमने दुरुस्त करूनच द्यायला हवा. उन्हात गाडीभोवती फिरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल बारीक चरे दिसले तर खराब फडक्याने धुतलंय. प्रकाशासोबत सरकणारे धुरकट पट्टे दिसले तर मशीनचं पॉलिश अर्धवट सोडलंय. कोटिंग पारदर्शक असतं, त्यामुळे खाली राहिलेला चरा तसाच दिसत राहतो, आणि तो काढायचा तर कोटिंगसकट पॉलिश करावं लागतं. शोरूमच्या मंद पांढऱ्या दिव्यांखाली यातलं काहीच दिसत नाही. गाडी बाहेर काढायला सांगा.

कोटिंग झाल्यावर तीनेक आठवड्यांनी घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. ती निर्णायक नाही, पण पाण्याच्या मगापेक्षा बरीच बरी. दार उघडून आतल्या चौकटीचा रंगवलेला भाग पाहा. तिथे सहसा कोणी कोटिंग लावत नाही, म्हणून तुलनेला तो चांगला. बॉनेटवरचा तळहाताएवढा भाग आणि चौकटीवरचा तेवढाच भाग तेल-मेण काढणाऱ्या, गाडीसाठीच्याच कडक शांपूने धुवा, पाण्याने स्वच्छ करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ मिश्रणाने मऊ कापडाने पुसा. वॅक्स असेल तर ते बहुतेक निघून जाईल आणि दोन्ही जागी पाणी सारखंच पसरेल. बॉनेटवर अजूनही थेंब गोल उभे राहत असतील आणि चौकटीवर नसतील, तर तिथे टिकाऊ काहीतरी आहे असं मानायला आधार मिळतो. कोटिंगच्या कागदांत धुण्याबद्दल अटी असतील तर त्या आधी वाचा, नाहीतर या चाचणीवरूनच वॉरंटी नाकारली जाईल.

कागदांचं महत्त्व इथे येतं. वॉरंटी दोघांपैकी एकाची असू शकते, कोटिंगच्या उत्पादकाची किंवा शोरूमची. उत्पादकाची असेल तर त्याच्या संकेतस्थळावर तुमच्या चॅसिस क्रमांकाने नोंद दिसायला हवी. ती घरी जाऊन नव्हे, काउंटरवर उभं राहूनच तपासा. शोरूमची असेल तर ती त्यांच्या शिक्क्यानिशी लेखी हवी. अटींमध्ये दरवर्षी तपासणी किंवा ठरलेली धुलाई सक्तीची असते का, खडे आणि चरे वगळलेले आहेत का (सिरॅमिकमध्ये बहुधा असतात), आणि दावा मान्य झाला तर पैसे परत मिळतात की फक्त पुन्हा लावून देतात, एवढं वाचलं तरी पुष्कळ. ‘पाच वर्षांची वॉरंटी’ या शब्दांना या तीन उत्तरांशिवाय अर्थ नाही.

गाडी ठरवताना, पैसे भरण्याआधी, मी आता असा निरोप लिहून पाठवतो: ‘पेंट प्रोटेक्शनसाठी वापरणार त्या उत्पादनाचं पूर्ण नाव, उत्पादक, लावणारी संस्था, लावण्याची तारीख आणि कोणकोणते भाग, हे बिलावर लिहून द्यावं. काम सुरू होण्याआधी गाडी मला उन्हात पाहायची आहे. बाटली किंवा रोलचा क्रमांक दिसेल असा फोटो पाठवावा.’ ज्यांचं काम चोख असतं ते याला लगेच हो म्हणतात. अनेक शोरूम हे काम बाहेरच्या कुशल कारागिरांकडून करून घेतात आणि त्यांच्याकडे ही सगळी माहिती असतेच. सगळेच फसवतात असा माझा समज नाही. डिलिव्हरीच्या मुहूर्ताची घाई आणि एकाच दिवशी दहा गाड्या, यातही काम बिघडतं. पण निरोपाला उत्तर ‘आमच्याकडे सगळं स्टँडर्ड असतं’ एवढंच आलं, तर ती ओळ बिलातून काढून टाकायला सांगा, आणि गाडी पॉलिश न करता फक्त साध्या पाण्याने धुऊन द्या असंही सांगा. कोटिंग नंतर, तुम्ही निवडलेल्या माणसाकडून, तुमच्या डोळ्यांसमोर करून घेता येतं. गाडीचं त्यात काहीच नुकसान नाही.

याच पॅकेजमध्ये कधी सीटच्या कापडाचं संरक्षण आणि गाडीच्या बुडाला लावायचा रबरी थरही जोडलेला असतो. बुडाचा थर मोबाइल खाली धरून व्हिडिओ काढला की दिसतो. तिथे सायलेन्सरवर आणि पाणी निघून जायच्या भोकांवर तो फासलेला नाही ना, हे पाहा. भोकं बुजली तर पाणी आत साचतं आणि गंज धरतो.

जुनी गाडी घेताना ‘पीपीएफ केलेली आहे’ असं सांगितलं जातं, तेव्हा मूळ बिल मागा आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते विचारा. अनेकदा होत नाही. त्या गाडीत कडांना पिवळसर झाक आहे का, हे सावलीत पांढरा कागद शेजारी धरून पाहा, आणि फिल्मवर यंत्र टेकवाल तेव्हा दोन दारांच्या आकड्यांची तुलना करा. एका दारावर ३०० आणि दुसऱ्यावर ४५० आलं, तर फिल्मबद्दलचा प्रश्न बाजूला ठेवून त्या दुसऱ्या दाराला काय झालं होतं, ते आधी विचारा.